पर्जन्यमान, गोवंशाची निवड आणि बाजार : पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याच्या इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास बहुधा १९५४ साली पिंपरीत स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून लिहिला जातो. बैलांच्या श्रमावर उभी असलेली तेथील शेती त्यात क्वचितच येते. वस्तुतः कोणत्या हवामानात कोणत्या जातीचे, किती मोठ्या बांध्याचे जनावर पोसावे, हा प्रश्न येथे कारखानदारीहून जुना आहे. पाश्चात्त्य देशांत तो प्रामुख्याने मांसोत्पादनाच्या संदर्भात चर्चिला गेला. मावळ-खेडमध्ये मात्र त्याचा संबंध ओढकाम व दूध यांच्याशी होता.

लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. सुमारे ६० कि.मी. पूर्वेस पुण्यात तो ७०० मि.मी.च्या आसपास उतरतो. अकोले-इगतपुरीकडील डांगी हा अतिपावसाचा गोवंश. मध्यम बांधा, पाणी निथळून जाईल अशी तेलकट कातडी आणि चिखलात टिकणारे कठीण काळे खूर यांमुळे तो भातखाचरात मंद गतीने, परंतु चिवटपणे काम करतो. याउलट माण-आटपाडीच्या अवर्षणग्रस्त मुलखातील खिलार उंच, सडपातळ व चपळ. घाटमाथा आणि देश यांच्या दरम्यान भरणाऱ्या चाकणच्या शनिवारच्या बाजाराचे महत्त्व या भूगोलातून समजते.

या व्यवस्थेस पहिला छेद दुधाच्या मागणीने दिला. लष्करी दुग्धशाळांनी युरोपीय रक्ताच्या गाई वाढविल्या. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या ‘बाएफ’ने होल्स्टीन व जर्सी यांचा संकर शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘फुले त्रिवेणी’त होल्स्टीन ५०, जर्सी २५ व गीर २५ टक्के असे प्रमाण आहे. त्यातील गीरचा अंश हा उष्णतेपुढे घेतलेला शहाणपणाचा पवित्रा होय. मोठ्या देहास वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ कमी असते, त्यात भरपूर दुधामुळे शरीरातील उष्णता वाढते. एप्रिल-मेमध्ये अशी गाय धापा टाकते आणि तिचे दूध घटते. संकराने दूध वाढविले, हे निर्विवाद. तथापि हवामानाचा हिशेब त्यात पुष्कळदा मागाहून मांडला गेला.

त्याहून अवघड प्रश्न संकरित गोऱ्ह्याचा आहे. त्याचे वशिंड खुजे असल्याने जू नीट बसत नाही आणि उन्हात तो लवकर थकतो. त्यातच ट्रॅक्टरने बैलाचे काम कमी केले. १९७६च्या कायद्यातील गोहत्याबंदी महाराष्ट्राने २०१५ साली बैल व वळू यांनाही लागू केल्यावर अशा नराच्या विक्रीचा मार्ग आणखी आक्रसला. दुधाच्या जमाखर्चात हा नर कोठेच मांडला जात नाही, हे विशेष.

खिलारचे मूल्य मात्र शेतीबाहेर टिकले. खेड-मावळातील बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बंदी आली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सशर्त अनुमती दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरविला. घाटात धावणाऱ्या बैलाची निवड वेगावर होते. नांगरास लागणारा दम आणि अल्प चाऱ्यावर तग धरण्याची शक्ती तेथे तपासली जात नाही. डांगीस तर असा शर्यतीचा आश्रयही नाही.