जैवपाचकातील जिवाणू

मानवी मैल्याचे हवाबंद टाकीत विघटन करणारा मिश्र सूक्ष्मजीव-समूह. भारतात ही संज्ञा मुख्यतः ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेने (डीआरडीई) सिद्ध केलेल्या समूहाला लावतात. झाशी रोडवरची ही आस्थापना जुन्या जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळेतून वाढली. रासायनिक व जैविक अस्त्रांपासून बचाव हे तिचे मुख्य काम.

उगम : सियाचिनसारख्या ठाण्यांवर मैला कुजत नाही, साठत जातो, आणि बर्फ वितळले की पाण्यात उतरतो. गोबर वायू संयंत्रातले सूक्ष्मजीव 35° से.च्या आसपास जोमात असतात, थंडीत मंदावतात. म्हणून अंटार्क्टिका व इतर थंड प्रदेशांतून मिळवलेले, गारठा सोसणारे जीव शेणातल्या समूहाच्या जोडीने वाढवण्यात आले. तयार द्रव नव्या टाकीत विरजणासारखा घालतात.

कार्य : पहिला गट प्रथिने, स्निग्ध पदार्थ व कर्बोदके फोडतो, दुसरा त्यांची आम्ले करतो, तिसरा या आम्लांपासून ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड बनवतो, शेवटचा मिथेन. हे मिथेनजनक जीव जिवाणू नसून आर्किया आहेत, त्यामुळे नोंदीचे शीर्षक व्यवहारापुरतेच खरे. सर्वांत मंद आणि नाजूकही तेच. आम्ल साचले की ते थंडावतात आणि टाकी आंबते. संडासात ओतलेले ॲसिड किंवा फिनाईल त्यांना मारक ठरते. जैव-शौचालयांची चर्चा बहुधा टाकीच्या बनावटीवरच थांबते. यश मात्र या एका गटाच्या तब्येतीवर अवलंबून असते.

रेल्वे : पूर्वी डब्यांतला मैला थेट रुळांवर पडे. त्याने रूळ गंजत आणि तो हाताने साफ करावा लागे. डीआरडीईच्या तंत्राची जैव-शौचालये 2011 मध्ये प्रथम ग्वाल्हेर–वाराणसी बुंदेलखंड एक्सप्रेसला बसवण्यात आली.  पुढील दशकभरात देशातल्या प्रवासी डब्यांत अशी सुमारे 2.5 लाख शौचालये बसली. बाटल्या, गुटख्याच्या पुड्या व कापड टाकल्याने ती तुंबतात. महालेखापरीक्षकांच्या 2017 च्या अहवालातही तुंबण्याच्या तक्रारींची दखल आहे. बाहेर पडणारे पाणी कितपत शुद्ध असते यावर मतभेद आहेत. आयआयटी मद्रासमधील संशोधकांनी ते समाधानकारक नसल्याचे म्हटले, तर डीआरडीईची मातृसंस्था असलेल्या संरक्षण संशोधन संस्थेने तंत्राचे समर्थन केले. टाकीची देखभाल आणि पाणी आत राहण्याचा काळ यांनुसार निष्कर्ष बदलत असावेत.

आरोग्य : पटकी, विषमज्वर, हगवण यांचे जंतू मैल्यातून पाण्यात जातात. प्राणवायूविना चालणारे पाचन आणि अन्नासाठीची स्पर्धा यांनी त्यांची संख्या घटते. 99 टक्के रोगजंतू निष्प्रभ होतात असा संरक्षण संशोधन संस्थेचा दावा आहे. जंतांची अंडी अधिक चिवट असतात. रेल्वेच्या टाकीत बाहेर पडणाऱ्या पाण्यावर शेवटी क्लोरीनची प्रक्रिया करतात, म्हणजे सगळा भार जिवाणूंवर टाकलेला नाही.

बेटे : लक्षद्वीपमध्ये गोडे भूजल उथळ असल्याने शोषखड्डे धोक्याचे ठरतात, तेथेही हे पाचक बसवले आहेत.