दंतद्रव्यांचे कर्कजन्यता-परीक्षण व फळमाशी

दातांची स्वच्छता, उपचार अथवा डागडुजी यांसाठी मुखात वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांना येथे दंतद्रव्ये म्हटले आहे. अशा द्रव्यामुळे कर्करोग उद्‌भवण्याचा संभव कितपत आहे, हे ठरविण्याच्या शास्त्रीय पद्धतीला कर्कजन्यता-परीक्षण म्हणतात. दंतद्रव्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. दंतवैद्य वापरतो ती औषधे व भरणद्रव्ये हा पहिला वर्ग, तर लोक घरोघरी स्वतःच्या हाताने दातांना लावतात ती दंतमंजने हा दुसरा. महाराष्ट्रात दुसऱ्या वर्गातील सर्वांत महत्त्वाचे द्रव्य म्हणजे मिश्री होय. पहिल्या वर्गाच्या परीक्षणात फळमाशीसारख्या क्षुद्र कीटकाचा मोठा वाटा आहे. दुसऱ्या वर्गाच्या परीक्षणाचा एक महत्त्वाचा अध्याय पुणे जिल्ह्यातील खेड्यांत व मुंबईच्या प्रयोगशाळांत घडला. दोन्हींचा इतिहास एकत्र पाहिला असता धोक्याची पहिली खूण मिळणे आणि त्यानुसार समाजाने वागणे यांत किती काळ जातो, हे स्पष्ट होते.

परीक्षणाची गरज : कर्करोग हा सावकाश प्रकट होणारा रोग आहे. कर्कजनक द्रव्याशी पहिला संबंध आल्यापासून रोग दिसेपर्यंत अनेकदा वीस-तीस वर्षे जातात. तोवर थांबून रोग्यांची मोजदाद करणे म्हणजे माणसांवरच प्रयोग करण्यासारखे आहे. सस्तन प्राण्यांवरील प्रयोग अधिक विश्वसनीय असले, तरी त्यांना दोन-तीन वर्षे व बराच पैसा लागतो. बहुतेक कर्करोगांच्या मुळाशी कोशिकेतील जनुकांत घडणारे बदल, म्हणजे उत्परिवर्तने असतात. त्यामुळे एखादे द्रव्य उत्परिवर्तन घडविते किंवा कसे, हे त्वरित पाहता आले, तर संशयास्पद द्रव्ये आधीच वेगळी काढता येतात. फळमाशीची उपयुक्तता या ठिकाणी आहे.

फळमाशी व उत्परिवर्तने : पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारी सु. ३ मिमी. लांबीची ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर ही माशी सर्वांच्या परिचयाची आहे. २५° से. तापमानात तिची एक पिढी सु. दहा दिवसांत पूर्ण होते. तिला गुणसूत्रांच्या केवळ चार जोड्या असतात आणि ती दुधाच्या बाटलीतही सुखाने वाढते. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर आढळला आणि तेव्हापासून ही माशी आनुवंशिकीच्या अभ्यासाचे प्रमुख साधन बनली. मॉर्गन यांचे शिष्य हर्मन मलर यांनी १९२७ मध्ये क्ष-किरणांनी उत्परिवर्तने घडविता येतात, हे याच माशीवर सिद्ध केले. या शोधाबद्दल त्यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मलर यांच्या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. नराला संशयित द्रव्य देऊन त्याचा विशिष्ट वाणाच्या मादीशी संयोग घडवितात. त्या नराच्या क्ष-गुणसूत्रावर मारक उत्परिवर्तन घडले असल्यास नातवंडांच्या पिढीत ठराविक वर्गाचे नर मुळीच जन्मास येत नाहीत. बाटलीत काय दिसते यापेक्षा काय दिसत नाही, यावरून येथे निष्कर्ष काढावयाचा असतो.

रसायनांनाही अशी शक्ती असते, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उघड झाले. एडिंबरो येथे शार्लट औअरबाख व जे. एम. रॉबसन यांनी मस्टर्ड वायूचा फळमाशीवर प्रयोग केला. वायू युद्धोपयोगी असल्याने निष्कर्ष गुप्त राहिले व ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मॉस्को येथील जोसेफ रापोपोर्ट यांनी फॉर्माल्डिहाइड मिसळलेल्या अन्नावर वाढलेल्या अळ्यांपासून झालेल्या माश्यांत उत्परिवर्तने घडत असल्याचे दाखविले. दंतवैद्यकाच्या इतिहासात या दुसऱ्या शोधाला विशेष महत्त्व आहे.

फॉर्मोक्रेसॉलचे उदाहरण : अमेरिकन दंतवैद्य जे. पी. बकली यांनी १९०४ मध्ये फॉर्माल्डिहाइड व क्रेसॉल यांचे मिश्रण दंतोपचारात आणले. दाताच्या पोकळीतील मृदू ऊतकास दंतमज्जा म्हणतात. ती किडीने दूषित झाली असता तिचा वरचा भाग काढून उरलेल्या भागावर हे मिश्रण लावतात. लहान मुलांचे दुधाचे दात टिकविण्यासाठी फॉर्मोक्रेसॉल हे औषध जगभर अनेक दशके वापरात राहिले. त्यातील मुख्य घटक फळमाशीत उत्परिवर्तने घडवितो, हे १९४६ पासून ज्ञात होते. तथापि हा निष्कर्ष आनुवंशिकीच्या ग्रंथांत राहिला व औषध दंतवैद्याच्या कपाटात राहिले. फॉर्माल्डिहाइडची वाफ हुंगणाऱ्या उंदरांच्या जातीच्या प्राण्यांत नाकाचा कर्करोग होतो, हे १९८० मध्ये समजले. कारखान्यांतील कामगारांच्या पाहण्यांचा विचार करून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याची गणना मानवास निश्चित कर्कजनक असलेल्या द्रव्यांत केली. माशीने दिलेली खूण आणि ही मान्यता यांत ५८ वर्षांचे अंतर आहे.

यावरून दात भरून घेतलेल्या प्रत्येक मुलास धोका पोहोचला, असा अर्थ काढणे मात्र चुकीचे ठरेल. कामगार वर्षानुवर्षे वाफ हुंगतो, तर मुलाच्या दातास औषधाचा अल्पसा अंश थोडा वेळ लागतो. शिवाय शरीराच्या चयापचयातही अल्प प्रमाणात फॉर्माल्डिहाइड तयार होते व त्याचा निचराही होतो. द्रव्यात इजा करण्याची क्षमता असणे ही एक गोष्ट असून विशिष्ट मात्रेत प्रत्यक्ष इजा होणे ही दुसरी गोष्ट आहे. फॉर्मोक्रेसॉलला अन्य पर्याय उपलब्ध झाल्यावर त्याचा वापर घटत गेला.

पंखावरील ठिपक्यांची चाचणी : मलर यांची पद्धत पुढील पिढीत उतरणाऱ्या बदलांची नोंद घेते. कर्करोग मात्र बहुधा त्याच व्यक्तीच्या कायिक कोशिकांतील बदलांतून उद्‌भवतो. ही उणीव भरून काढणारी चाचणी स्वित्झर्लंडमधील उलरिख ग्राफ, एफ. ई. व्यूर्गलर व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. तीत सु. तीन दिवसांच्या अळीला संशयित द्रव्य अन्नातून देतात. त्या वेळी भावी पंखाच्या कोशिका अळीच्या शरीरात विभाजन पावत असतात. या अळ्यांच्या गुणसूत्रांच्या एका जोडीवर पंखाच्या केसांचा आकार बदलणारी अप्रभावी जनुके असतात. त्यांच्या जोडीची प्रभावी जनुके शाबूत असेपर्यंत केस नेहमीसारखे असतात. एखाद्या कोशिकेत प्रभावी जनुक नष्ट झाले अथवा गुणसूत्रांच्या भागांची अदलाबदल झाली, तर तिच्या सर्व संततीचे केस वेगळे दिसतात. माशी बाहेर आल्यावर तिचे पंख काढून सूक्ष्मदर्शकाखाली सु. ४०० पट मोठे करून असे ठिपके मोजतात.

या चाचणीचा आणखी एक फायदा आहे. अनेक द्रव्ये मुळात निरुपद्रवी असून शरीरातील एंझाइमांच्या क्रियेने ती घातक बनतात. ब्रूस एम्स यांनी १९७३ मध्ये रूढ केलेल्या सूक्ष्मजंतूंवरील चाचणीत याकरिता यकृताचा अर्क बाहेरून मिसळावा लागतो. फळमाशीजवळ असे एंझाइम स्वतःचेच असतात. डायमिथिल नायट्रोसामीन हे अशा रीतीने घातक बनणारे द्रव्य फळमाशीत प्रभावी उत्परिवर्तक ठरले आहे.

दातांच्या रंगाशी जुळणाऱ्या भरणद्रव्यांचा प्रसार १९६० नंतर झाला. ही द्रव्ये एकवारिकांचे रेणू परस्परांस जोडून कठीण बनतात. जोडले न गेलेले रेणू लाळेत उतरू शकतात. ब्राझीलमधील संशोधकांनी अशा चार एकवारिकांची पंखावरील ठिपक्यांची चाचणी घेऊन २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. यूडीएमए व टीईजीडीएमए या दोन एकवारिकांनी ठिपक्यांची संख्या वाढविली. बिस-जीएमए व एचईएमए यांनी लक्षणीय वाढ केली नाही. एकाच भरणद्रव्यातील घटक जनुकांच्या बाबतीत सारखे नसतात, हा या प्रयोगाचा बोध आहे. रोग्यास होणाऱ्या धोक्याचे माप त्यावरून थेट काढता येत नाही.

महाराष्ट्रातील मिश्री : तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करतात, तिला मिश्री किंवा मशेरी म्हणतात. ती बोटाने दातांना व हिरड्यांना चोळतात. पानशेत, भोर, वेल्हे या मावळखोऱ्यांसह पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात व राज्यात इतरत्रही ही सवय मुख्यतः स्त्रियांत रुजली. तंबाखू ओढणे स्त्रीला अशोभनीय मानले जाई. दात घासण्याला मात्र कोणाची हरकत नसे. दाढदुखीवर उपाय म्हणून लावलेली चिमूट निकोटिनामुळे दिवसातून अनेकदा लागू लागते. अशा रीतीने दंतमंजनाच्या रूपात व्यसन घरात येते.

या विषयाच्या अभ्यासाला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मोठी चालना दिली. तेथील मूलभूत दंतसंशोधन विभागाचे फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांचे मुख तपासले. पुणे जिल्ह्यात झालेल्या या पाहणीचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुखाचा कर्करोग व त्याच्या पूर्वावस्था यांचा तंबाखूच्या सवयींशी असलेला निकट संबंध तिच्यातून पुढे आला. त्याच संस्थेत ओबेद सिद्दिकी व पुढे व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी फळमाशीची मज्जासंस्था व गंधज्ञान यांचा अभ्यास करून जागतिक कीर्ती मिळविली. दोन्ही कामांचे विषय वेगळे होते. तथापि एका छपराखाली माशीच्या जनुकांचा आणि खेडुतांच्या हिरड्यांचा अभ्यास चालावा, ही भारतीय विज्ञानाच्या इतिहासातील लक्षणीय बाब आहे.

प्रयोगशाळेतील पुरावा मुंबईच्याच कर्करोग संशोधन संस्थेतून आला. सुमती भिडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात मिश्रीचे रासायनिक व जैव परीक्षण केले. मिश्रीत तंबाखूजन्य नायट्रोसामिने आढळली. तिच्या अर्काने सूक्ष्मजंतूंत उत्परिवर्तने घडविली आणि मिश्रीयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या जठरात अर्बुदे झाली. लोकसंख्येची पाहणी, रासायनिक विश्लेषण, सूक्ष्मजंतू व सस्तन प्राणी अशा चारही बाजूंनी पुरावा एकाच दिशेस झुकला. धूररहित तंबाखूचा निश्चित कर्कजनकांत समावेश आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८७ मध्ये केला.

कायदा व व्यवहार : दंतमंजनांत तंबाखू मिसळण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्ये मनाई केली. कारखान्यात बनणाऱ्या मालावर अशी बंदी घालता येते. घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूपर्यंत तिचा हात पोहोचत नाही. परिणामी ज्या द्रव्याविरुद्ध सर्वाधिक पुरावा आहे, तेच सर्वांत कमी नियंत्रणाखाली राहिले. उलट दंतवैद्याच्या भरणद्रव्यातील सूक्ष्म अंशाचीही आज काटेकोर तपासणी होते.

मूल्यमापन : फळमाशीला दात वा हिरड्या नाहीत. जनुकांना थेट इजा न करता कर्करोगास साहाय्य करणारी द्रव्ये तिच्या नजरेतून सुटतात. मलर यांच्या पद्धतीवर आधारलेली चाचणी १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत समाविष्ट झाली होती व २०१४ मध्ये ती वगळण्यात आली. पंखावरील ठिपक्यांची चाचणी संशोधनात टिकून आहे. स्वस्तपणा, वेग व स्वतःची चयापचय शक्ती यांमुळे पहिली चाळणी म्हणून फळमाशीचे स्थान कायम आहे.

चाळणी म्हणजे निर्णय नव्हे. माशीचा होकार पुढील तपासाची गरज दाखवितो. त्यानंतर सस्तन प्राणी, मात्रा आणि प्रत्यक्ष माणसांची पाहणी या पायऱ्या ओलांडाव्या लागतात. फॉर्माल्डिहाइडच्या बाबतीत खूण लवकर मिळाली, पण पुढील पायऱ्या फार उशिरा चढल्या गेल्या. मिश्रीच्या बाबतीत सर्व पायऱ्या पूर्ण झाल्या, तरी चुलीजवळचा डबा पुष्कळ घरांत तसाच राहिला. शास्त्रीय परीक्षणाचे कार्य या ठिकाणी संपते. त्याचे फळ पदरात पडण्यासाठी शाळा, आरोग्यकेंद्रे आणि घरातील संवाद यांची जोड आवश्यक ठरते. विशेषतः आईचे पाहून मिश्री उचलणाऱ्या मुलीपर्यंत हे ज्ञान वेळेवर पोहोचणे, हीच त्याची खरी कसोटी होय.