सातबारा खरा कोणता : कागदावरचा की संगणकातला?

१९८८-८९ साली केंद्र सरकारने देशातील आठ जिल्ह्यांत जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयोग आरंभला. त्या आठांत महाराष्ट्रातून वर्ध्याची निवड झाली होती. पैसा सर्वस्वी केंद्राचा होता. अधिकार मात्र केंद्राचा नव्हता.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ४५ वी नोंद पाहावी. जमीन महसूल, भूमी अभिलेख आणि हक्कनोंदी हे विषय तिथे राज्यांकडे सोपवलेले आहेत. दिल्लीहून संगणक येऊ शकत होता. त्यातून निघालेला उतारा ग्राह्य मानायचा की नाही, हे राज्यानेच ठरवायचे होते.

शिवाय उताराही एक नव्हता. महाराष्ट्र-गुजरातेत सातबारा, कर्नाटकात पहाणी, उत्तर प्रदेशात खतौनी, पंजाबात जमाबंदी. कुठे गुंठा, कुठे बिघा, कुठे कनाल. दिल्लीच्या दृष्टीने हा गोंधळ असेल. वस्तुतः तो रयतवारी, महालवारी अशा भिन्न महसूल पद्धतींचा वारसा होता. सर्वांना एकच आज्ञावली पुरणे अशक्य होते.

खरी अडचण मात्र निराळीच होती. नोंदी संगणकात भरल्या तरी गावात हस्तलिखित दप्तर चालूच राही. फेरफार त्या दप्तरात होई आणि संगणकातली नोंद शिळी होत जाई. कायद्याच्या दृष्टीने खरे होते ते दप्तरच.

ही कोंडी कर्नाटकाने फोडली. २००१ च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे दोन कोटी उतारे संगणकात आले आणि तालुका कचेरीच्या खिडकीवर १५ रुपयांत मिळू लागले. पण निर्णायक ठरला तो राज्य सरकारचा हुकूम : एकेका तालुक्यात हस्तलिखित उतारा अवैध ठरवण्यात आला. संगणक वर्ध्यातही होताच. हा हुकूम नव्हता. (अर्थात सारेच गोड झाले नाही. गावातली सत्ता तालुक्याला गेली आणि बेंगळुरूभोवतीच्या जमिनी हेरणाऱ्या बड्या खरेदीदारांचे काम सोपे झाले, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला.)

महाराष्ट्रात २०१७ साली संगणकीकृत सातबारे गावोगावी चावडीवर वाचून दाखवण्यात आले. हाताच्या अक्षरावरून टंकलेल्या नोंदींत नावे, क्षेत्रे चुकली होती. ती ओळखायला गावाचे कान लागले. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५७ सांगते की, हक्कनोंदीतील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. त्यामुळे टंकताना वडिलांच्या नावातले एखादे अक्षर बदलले, तरी बदललेले नावच खरे धरले जाते आणि कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज शेतकऱ्यालाच करावा लागतो.