पश्चात्ताप व नित्यभक्ती : आपल्या धर्मप्रांताचा एक जुना वारसा



ज्युबिलीचा दिवस म्हटला की मंडप, पताका, वाजंत्री, भोजन व पाहुण्यांची वर्दळ ही आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि त्यांत वावगे असे काही नाही. परंतु हा शब्द जेथून आला तेथवर गेल्यास एक निराळीच गोष्ट ध्यानी येते. इब्री भाषेत 'योबेल' म्हणजे मेंढ्याचे शिंग. लेवीय पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात असे ठरवून दिले आहे की, सात वर्षांचे सात फेरे पुरे झाल्यावर पन्नासावे वर्ष पवित्र मानावे. विकली गेलेली वतनाची जमीन मूळ कुटुंबास परत मिळावी. दास झालेल्या बांधवाने मोकळे होऊन आपल्या घरी जावे. या वर्षाची द्वाही फिरवणारे शिंग फुंकावयाचे ते सुगीच्या दिवशी नव्हे, वल्हांडणाच्या दिवशीही नव्हे, तर प्रायश्चित्ताच्या दिवशी. आधी पश्चात्ताप, मग आनंद, असा हा क्रम होय.

ख्रिस्तसभेनेही हाच क्रम पाळला. परमगुरुस्वामी आठवे बोनिफास यांनी 1300 साली पहिले पवित्र वर्ष जाहीर केले, तेव्हा रोमला येणाऱ्या यात्रेकरूंस आपल्या पापांचा खरा पश्चात्ताप करून ती निवेदन करण्याची अट घातली होती. पुढे 1475 पासून दर पंचवीस वर्षांनी असे वर्ष पाळण्याचा प्रघात पडला. नुकतेच 2025 चे पवित्र वर्ष आपण सर्वांनी पाळले. म्हणून आमच्या हिंगण्याच्या या महोत्सवाच्या पुस्तिकेत, पश्चात्ताप व नित्यभक्ती ही आपणांस कोठून व कशी लाभली, याचा थोडा इतिहास सांगावा असे आम्हांस वाटले.

आरंभीच्या शतकांत घोर पापाचे प्रायश्चित्त चारचौघांत करावे लागे. खून, व्यभिचार वा धर्मत्याग ज्याच्या हातून घडला, तो अनुतापी जनांच्या वेगळ्या वर्गात उभा राही, उपवास करी, आणि पुष्कळ काळानंतर बिशप त्यास पुन्हा मंडळीत घेत. ही संधी बाप्तिस्म्यानंतर आयुष्यात एकदाच मिळे. हा नियम लहानांस व थोरांस सारखाच होता. 390 मध्ये सम्राट थिओडोसियस याच्या आज्ञेने थेस्सलनीका येथे मोठी कत्तल झाली, तेव्हा मिलानचे बिशप संत अम्ब्रोज यांनी त्याने प्रायश्चित्त करीपर्यंत त्यास ख्रिस्तप्रसाद देण्याचे नाकारले, आणि त्या सार्वभौम राजाला सर्वांदेखत अश्रू ढाळावे लागले.

या कडक शिस्तीत तेज होते, परंतु तिचा एक दुष्परिणामही झाला. संधी एकच, म्हणून लोक ती मरणघडीपर्यंत राखून ठेवू लागले. पश्चात्ताप हा जगण्याचा मार्ग न राहता मरणाची तयारी होऊन बसला. पुढे सहाव्या शतकात आयर्लंडच्या मठवासीयांनी एकांतात, धर्मगुरूच्या कानी, आणि गरज पडेल तितक्यांदा पापनिवेदन करण्याची चाल पाडली व संत कोलंबान यांच्यासारख्या प्रवासी साधूंनी ती युरोपच्या भूमीवर नेली. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे असा नियम केला. त्याच नियमात, पापनिवेदनात कळलेली गोष्ट फोडणाऱ्या धर्मगुरूस पदावरून काढून जन्मभर मठात प्रायश्चित्तास धाडावे, अशी सक्त ताकीदही दिली. 1551 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने या संस्काराची शिकवण सविस्तर मांडली. येणेप्रमाणे दार तर उघडले. परंतु दारातून आत आल्यावर रोज कसे चालावे, हे प्रापंचिक माणसास कोणी सांगावयाचे? भक्ती ही संन्याशाची मिरास, संसाऱ्याने आपले वर्षाचे कर्तव्य उरकावे म्हणजे झाले, अशीच सर्वत्र समजूत होती.

ही समजूत ज्यांनी मोडली त्यांचेच नाव नागपूरच्या आपल्या कॅथेड्रलला आहे. संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा जन्म 1567 मध्ये साव्हॉय प्रांतात थोराँ या गावी, एका सरदार घराण्यात झाला. घरची इच्छा होती की त्यांनी वकिली करून दरबारी मान मिळवावा. त्यांनी धर्मगुरू होणे पत्करले. 1594 मध्ये ते शाब्ले या भागात गेले, तेव्हा तेथील जवळजवळ सर्व लोक कॅथलिक मंडळीपासून दूर गेलेले होते व त्यांचे प्रवचन ऐकावयास कोणी येईना. मग ते छोटे छोटे लेख लिहून घरोघरी पोचवू लागले. पुढे याच कारणास्तव परमगुरुस्वामी अकरावे पायस यांनी 1923 मध्ये त्यांस लेखक व पत्रकार यांचे आश्रयदाते संत ठरवले. 1602 मध्ये ते जिनिव्हाचे बिशप झाले. परंतु जिनिव्हा नगर कॅल्विनपंथीयांच्या ताब्यात असल्यामुळे त्यांस आनसी येथेच राहावे लागले, आणि 1622 मध्ये लियोन शहरी त्यांचा अंत झाला.

त्यांचा 'भक्तिमय जीवनाचा परिचय' हा ग्रंथ 1609 मध्ये छापून निघाला. एका संसारी बाईस वेळोवेळी पाठवलेल्या मार्गदर्शनाच्या पत्रांतून तो आकारास आला, आणि तो पंडितांच्या लॅटिनमध्ये नव्हे तर लोकांच्या फ्रेंच भाषेत लिहिलेला होता. त्याचे भाग पाच आहेत, आणि आमच्या विषयाचे सारे मर्म या पाच भागांच्या क्रमातच आहे. पहिल्या भागात अंतःकरणाची शुद्धी, ध्यान व आयुष्यभराच्या पापांचे निवेदन. दुसऱ्यात प्रार्थना व संस्कार. तिसऱ्यात नम्रता, धीर, सौम्यता इत्यादी सद्गुणांचा रोजचा अभ्यास. चौथ्यात मोहांशी झुंज. आणि पाचव्यात वर्षातून एकदा आपल्या निश्चयाची नवी उजळणी. पश्चात्तापावाचून भक्ती म्हणजे तण न काढता केलेली पेरणी. आणि नित्यभक्तीवाचून पश्चात्ताप म्हणजे तण काढून पडीत ठेवलेले वावर. त्यांनी ही दोन्ही एका सूत्रात ओवली.

दुसरी मोठी गोष्ट अशी की, त्यांनी भक्ती प्रत्येकाच्या मापाची करून दिली. बिशपाने मठवासीयासारखा एकांत धरावा, संसाऱ्याने भिक्षूप्रमाणे पैशाची फिकीर सोडावी, कारागिराने दिवसभर चर्चमध्ये बसावे, हे त्यांच्या मते भक्तीचे नव्हे तर अव्यवस्थेचे लक्षण होय. कारागीर, चाकर, राजा, विधवा, कुमारी, गृहिणी, ज्याची जी अवस्था तीतूनच त्याने देवाकडे जावे. सकाळच्या ध्यानानंतर, बागेतून निघालेला मनुष्य दोनचार फुले हाती घेऊन दिवसभर हुंगतो तसे, त्या ध्यानातील एखादा विचार दिवसभर संगती ठेवावा, असा साधा उपायही त्यांनी सांगितला. आणि जो पडेल त्याने स्वतःवर चिडून बसू नये; दुर्बळाच्या ठायी दुर्बळता दिसली यात नवल काय, त्याने शांतपणे उठून पुन्हा चालू लागावे, असे त्यांचे म्हणणे असे. आपल्यांत पुष्कळ जण पापामुळे नव्हे, तर पापाच्या लाजेमुळे वर्षानुवर्षे दूर राहतात. त्यांच्यासाठी याहून मोठा दिलासा कोणता?

येथे एक योगायोग मराठी वाचकाने ध्यानी धरण्याजोगा आहे. आनसीचा हा ग्रंथ निघाल्यास सुमारे सात वर्षे झाली असतील, तोच 1616 मध्ये गोव्यातील राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध झाले. हे येशूसंघी धर्मगुरू जातीने इंग्रज. 1579 मध्ये ते गोव्यास आले व साष्टीच्या खेड्यांतून लोकांत राहून त्यांनी मराठीवर असे प्रेम केले की, सुमारे अकरा हजार ओव्यांत तारणाची सारी कथा गाइली. त्यानंतर 1629 मध्ये फादर एत्येन दला क्रूआ या फ्रेंच येशूसंघीयाचे प्रेषित पेत्राच्या चरित्रावरील पुराण गोव्यातच छापले गेले. कोंबडा आरवल्यावर बाहेर जाऊन रडलेल्या पेत्राहून अनुतापाचे मोठे उदाहरण ते कोणते? एक साव्हॉयचा बिशप, एक इंग्रज, एक फ्रेंच. तिघांची भेट झाल्याचे कोठे नमूद नाही, परंतु सामान्य जनास त्याच्याच बोलीत ख्रिस्ताजवळ आणावे हा तिघांचा ध्यास एकच.

हा वारसा नागपुरास पोचण्याआधी त्यावर दोन मोठी संकटे आली. पहिले संकट घरातलेच. जान्सेनपंथी मंडळींनी ख्रिस्तप्रसादाबद्दल एवढी धास्ती लोकांच्या मनी भरवली की, 1643 मध्ये आर्नो यांचा या विषयावरील ग्रंथ निघाल्यापासून कित्येक भाविक महिनोन् महिने कम्युनियनला जाईनासे झाले. ही भीती संपूर्ण जावयास फार काळ लागला. अखेर 1905 मध्ये परमगुरुस्वामी संत दहावे पायस यांच्या आज्ञेने असे जाहीर झाले की, ज्याच्या जिवावर घोर पापाचा भार नाही व ज्याचा हेतू शुद्ध आहे त्याने रोज ख्रिस्तप्रसाद घ्यावा. 1910 मध्ये समजत्या वयाच्या बालकांसही तो खुला झाला.

दुसरे संकट बाहेरचे. 1792 मध्ये फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने साव्हॉय व्यापले. मठ बंद पडले, धर्मगुरू परागंदा झाले, एक पिढी धर्मशिक्षणावाचून वाढली. शांतता झाल्यावर फादर पीटर मेर्मिए या धर्मगुरूंनी आपल्या सोबत्यांसह गावोगाव 'मिशन' करण्यास आरंभ केला. मिशन म्हणजे काही आठवडे धर्मगुरूंनी गावात मुक्काम करावयाचा, प्रवचने द्यावयाची, जुने तंटे मिटवावयाचे आणि तासन् तास पापनिवेदने ऐकावयाची. याच कार्यासाठी 1838 मध्ये त्यांनी आनसीच्या धर्मप्रांतात संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावे मिशनऱ्यांचा संघ स्थापिला. तोच आपल्या परिचयाचा फ्रान्सालियन संघ.

या संघाची पहिली तुकडी 1845 मध्ये युरोपातून निघून 1846 मध्ये विशाखापट्टणास पोचली. त्यांच्या विस्तीर्ण मिशनक्षेत्रात नागपूर व कामठी ही होती. नागपुरात तेव्हा तिसरे रघुजी भोसले यांचे राज्य होते, आणि 1821 मध्ये वसलेल्या कामठीच्या छावणीत मद्रास फौजेतील कॅथलिक शिपाई व त्यांचे कुटुंबकबिले होते. 1887 मध्ये विशाखापट्टणापासून वेगळा होऊन नागपूरचा धर्मप्रांत झाला व 1953 मध्ये त्यास महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. तात्पर्य हे की, ज्यांनी या भूमीत आपल्या धर्मप्रांताचा पाया घातला ते मुळात पश्चात्तापाचे प्रचारक होते. शाळा, दवाखाने व इमारती ही त्या झाडाची फळे. मूळ मात्र पापनिवेदनाच्या त्या लाकडी जाळीजवळ आहे.

आता हिंगण्याकडे वळू. वेणा नदीच्या काठचे हे गाव एके काळी केवळ कपाशी, तूर व संत्र्यांच्या बागांचे होते. आता औद्योगिक वसाहतीच्या पाळ्यांवर येथील पुष्कळ घरांची घड्याळे चालतात. कोणी सकाळच्या पाळीस, कोणी रात्रपाळीस. घरातील सर्व माणसे एका वेळी जेवावयास बसणेही दुर्लभ. अशा घरी नित्यभक्ती कशी व्हावी, हा प्रश्न खराच आहे. परंतु याच विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी शिकवलेली सामुदायिक प्रार्थना शेतकरी व मजूर गावोगाव दिवेलागणीस बसून करतात, हे आपण पाहतो. दिवसभराच्या कष्टाने थकलेली माणसे आपापल्या श्रद्धेनुसार वेळ काढतात. मग आपणांसच तो का सापडू नये?

आणखी एक गोष्ट जड अंतःकरणाने सांगणे भाग आहे. सणाच्या दिवशी ख्रिस्तप्रसादाची रांग दरवाजापर्यंत जाते, आणि पापनिवेदनासाठी आदल्या सायंकाळी आम्ही बसतो तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी माणसे येतात. एके काळी लोक भीतीने प्रसादापासून दूर राहिले. आज सवयीने प्रसाद घेतात आणि पश्चात्तापापासून दूर राहतात. दोहोंतही ख्रिस्ताशी भेट अपुरीच राहते. 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत मातृभाषेस स्थान दिले आणि 1973 मध्ये प्रायश्चित्त संस्काराचा नवा विधी निघाला; आता तो संस्कार आपण आपल्या मराठीतच घेतो. आपल्या पूर्वजांना नसलेल्या सोयी आपणांस आहेत. उणीव आहे ती पाऊल उचलण्याची.

म्हणून या महोत्सवाची भेट म्हणून आम्ही आपणांजवळ थोडेसेच मागतो. सकाळी अंथरुणातून उठताच क्रूसाची खूण करून तो दिवस प्रभूस अर्पण करावा; त्यास अर्धे मिनिटही लागत नाही. कारखान्याचा भोंगा वाजेल तेव्हा, किंवा वावरात निंदण करता करता, पेत्राप्रमाणे एकदा प्रभूकडे पाहावे. घरातील जी माणसे ज्या वेळी एकत्र असतील त्या वेळी त्यांनी पवित्र जपमाळेचे निदान एक दशक म्हणावे. रात्री निजण्यापूर्वी आजचा हिशेब आजच पाहावा: कोणास दुखवले, कोणाचे राहिले, कोठे देवाचा हात दिसला. रविवारची मिस्सा चुकवू नये, आणि महिन्यातून एकदा पापनिवेदनास यावे.

आणि पश्चात्ताप केवळ ओठांवर राहू नये. जक्कयाच्या घरी प्रभू गेला तेव्हा त्याने लुबाडलेले चौपट परत देण्याचे वचन दिले. ज्याने धुऱ्याची काकर दोन हात पुढे नेली असेल त्याने ती मागे घ्यावी. ज्याने मजुराची मजुरी दाबली असेल त्याने ती द्यावी. सख्खे भाऊ भाऊ ज्यांचा अबोला आहे त्यांनी एकमेकांच्या दारी जावे. जुन्या नियमशास्त्रातील ज्युबिलीच्या वर्षी जमीन परत जाई व माणूस घरी परते. आपल्या ज्युबिलीतही काही परत गेले पाहिजे व कोणी घरी परतले पाहिजे.

महोत्सवाच्या तयारीच्या दिवसांत आम्ही रोज सायंकाळी पापनिवेदन ऐकावयास चर्चमध्ये बसू. किती वर्षांनी आलात, असे कोणी रागाने विचारणार नाही. पवित्र मरिया व संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या मध्यस्थीने दयाघन प्रभू आपणां सर्वांस अनुतापाचे अश्रू, नित्यभक्तीची गोडी व घराघरांत समेटाची शांती देवो. आमेन.