देवळाच्या भिंतीवरील शून्य

मानवाने लावलेल्या थोर शोधांची गणना करू लागले म्हणजे अग्नी, चाक, नांगर, लेखनकला, मुद्रण, वाफेचे यंत्र अशी नावे क्रमाने ओठांवर येतात. ह्या पंक्तीत एका अशा शोधाचाही मान आहे की, ज्याला आकार असून वस्तू नाही. तो शोध म्हणजे शून्य. त्याचा एक पुरातन आणि कालनिश्चिती झालेला पुरावा पाहावयाचा, तर ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना गाव सोडून जावे लागत नाही.

दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी दिली. तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. त्या लष्करातील जयेंद्रगंजातून निघून किल्ल्याच्या पूर्वेकडील चढाला लागावे, गणेश दरवाजा मागे टाकावा, म्हणजे लक्ष्मण दरवाजाच्या अलीकडे एकाच खडकात कोरून काढलेले लहानसे चतुर्भुज मंदिर लागते. किल्ला पाहावयास निघालेला प्रवासी मानमंदिराच्या ओढीने बहुधा ह्या देवळासमोरून तसाच पुढे जातो. तो काय मागे टाकून जातो, हे सांगण्यासाठीच हा लेख.

हे विष्णुमंदिर अल्ल नावाच्या अधिकाऱ्याने कोरविले. प्रतिहार सम्राट भोज, ज्याला आपण मिहिरभोज म्हणतो, त्याच्या वतीने हा अल्ल किल्ल्याचा कारभार पाहत असे. आपल्या वडिलांच्या, म्हणजे वाइल्लभट्टाच्या नावावरून त्याने देवाला वाइल्लभट्टस्वामी हे नाव दिले. मंदिरात संस्कृत शिलालेख आहेत. त्यांपैकी एक विक्रम संवत ९३३, म्हणजे इ. स. ८७६ मधला असून, हे मंदिर आणि नवदुर्गांचे एक देऊळ ह्यांना मिळालेल्या दानांची त्यात नोंद आहे. फुलबागेसाठी जमीन दिली, तिची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात. तेल्यांनी दर घाण्यामागे दरमहा एक पळी तेल द्यावे. माळ्यांनी नित्य ५० माळा द्याव्यात. ह्या २७० मध्ये आणि ह्या ५० मध्ये शेवटी एक लहानसे वर्तुळ कोरलेले आहे. इतर अंकांपेक्षा आकाराने ते किंचित लहान. पण आपण आज वहीत काढतो तेच हे शून्य होय.

एवढ्याशा वर्तुळाचे कौतुक का करावयाचे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मिळते जुन्नरजवळच्या नाणेघाटात. तेथील सातवाहनकालीन लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणेचे मोठमोठे आकडे आहेत. परंतु दहासाठी निराळे चिन्ह, विसासाठी निराळे, शंभरासाठी आणि हजारासाठी आणखी निराळे. त्या पद्धतीत २७० लिहावयाचे म्हणजे दोनशेचे चिन्ह काढून त्यापुढे सत्तरचे चिन्ह काढावयाचे. संख्या जसजशी वाढत जाईल तसतशी नवी चिन्हे हवीत, आणि अशा चिन्हांनी गुणाकार-भागाकार करणे हे तर महासंकट. पुढे अंकाची किंमत त्याच्या स्थानावरून ठरू लागली, तेव्हा नऊ अंकांत सारा व्यवहार बसला. मात्र एक अडचण उरली. एखाद्या स्थानी काहीच नसेल, तर ते स्थान रिकामे आहे हे दाखवावयाचे कसे? न दाखवावे तर २७० चे २७ होतात. ‘येथे काही नाही’ हे सांगण्यासाठी एक चिन्ह निर्माण करणे, ही ती मोठी कल्पना. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने एक पाऊल पुढे टाकले. शून्यालाच संख्या मानून त्याच्या बेरीज-वजाबाकीचे आणि गुणाकाराचे नियम त्याने सांगितले.

येथे अभिमानापोटी एक चूक होते, ती टाळली पाहिजे. ग्वाल्हेरचे शून्य हे जगातील पहिले शून्य नव्हे. कंबोडियातील शके ६०५, म्हणजे इ. स. ६८३ मधील एका लेखात शून्याच्या जागी टिंब आहे. पेशावरजवळ १८८१ साली सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितातही टिंबे आहेत; त्याच्या काळाविषयी विद्वानांत अद्याप मतभेद आहेत. मग ग्वाल्हेरच्या लेखाचे मोल कशात? तर हा लेख कोणा गणितज्ञाचा ग्रंथ नाही, ह्यात. तेली, माळी आणि देवस्थान ह्यांच्यामधील तो व्यवहार आहे. पंडितांच्या पोथीतील कल्पना ८७६ साली फुलांच्या माळा मोजण्यापर्यंत उतरली होती आणि ती कोणाला समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती, हे हा दगड सांगतो. शोध लागणे वेगळे आणि तो लोकांच्या हाती रुळणे वेगळे. युरोपात तो रुळण्यास फार काळ लागला. अरबी पंडितांनी शून्याला ‘सिफ्र’ म्हटले; पिसा नगरीच्या लिओनार्दोने १२०२ साली आपल्या ग्रंथात ही भारतीय अंकपद्धती मांडली; तरीही १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफसंघाने आपल्या सभासदांना हिशेबात हे अंक वापरण्यास मनाई केली.

आता महाराष्ट्राकडे वळू. चाळीसगावजवळच्या पाटण येथील भवानीच्या देवळात इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. लीलावतीकार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, त्याची ही सनद. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून मठाला बाजारातून कोणते उत्पन्न मिळावे हे त्यात सांगितले आहे. आणि तेथेही दर घाण्यामागे पळीभर तेल आहे! सव्वातीनशे वर्षांचे आणि शेकडो मैलांचे अंतर, पण देवाच्या दिव्याला आणि विद्येच्या दिव्याला तेल पुरविणारा घाणा तोच. हा लेख वाचून १८६५ साली प्रसिद्ध केला डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी. मुंबईत वैद्यकी करणारे हे विद्वान गोव्यातील मांद्रे गावचे. त्यांच्यासारखा वाचक त्या दगडाला लाभला नसता, तर भास्कराचार्यांच्या वंशाविषयी आणि त्या मठाविषयी आपली माहिती किती तोकडी राहिली असती!

म्हणूनच वाचकांना एक विनंती. घाटावर, कोकणात, गोमंतकात आणि मध्य भारतात आपली देवस्थाने आहेत; त्यांच्या भिंतींवर, पायऱ्यांवर, दीपमाळांवर अक्षरे आहेत आणि पेट्यांतून जमाखर्चाच्या जुन्या वह्या आहेत. जीर्णोद्धार हे पुण्यकर्म खरेच. परंतु त्या उत्साहात कोरीव दगडावर तैलरंगाचा थर बसतो, वर चकचकीत फरशी चढते, आणि वह्या रद्दीत जातात. गवंडी बोलाविण्यापूर्वी एक दिवस त्या दगडांसाठी द्यावा. लेखाचा ठसा किंवा छायाचित्र घ्यावे, जाणत्या माणसाकडून तो वाचवून घ्यावा, वह्या कोरड्या जागी ठेवाव्यात. त्यांत केवळ कोणी किती नारळ दिले एवढेच निघेल, असे वाटून त्यांची हेळसांड करू नये. ग्वाल्हेरच्या त्या दगडातही वरवर पाहता केवळ तेलाचा आणि माळांचाच हिशेब होता.