मजुराच्या हातातला परतीचा रस्ता

आजचा विषय आहे परप्रांतीय मजूर आणि त्याची मजुरी. मी बेंगळुरूच्या चामराजपेटेत राहतो, तेव्हा सुरुवात इथूनच करू.

1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बेंगळुरू घेतले. पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्यामागे मराठी शिपाई आले, कारकून आले. म्हणजे आपली माणसेसुद्धा इथे पोटासाठीच आली. चामराजपेट आखून वसवली ती 1892 मध्ये. 1940 मध्ये सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साथीने इथे हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना काढला. 1941 ला शहराची लोकसंख्या सुमारे 4.07 लाख होती, 1951 ला ती 7.79 लाख झाली. नुसत्या जन्मांनी एखादे शहर दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होत नाही.

आता नेहमीचा प्रश्न. बाहेरचा मजूर स्थानिकाची मजुरी पाडतो का? माझे उत्तर असे: तो अडलेला असेल तर पाडतो. गावात मुकादमाकडून उचल घेतलेली, राहायला ठेकेदाराचीच पत्र्याची खोली, भाषा येत नाही. असा माणूस मिळेल त्या पैशाला हो म्हणतो. मग शेजारच्या कन्नड गवंड्यालाही जास्त मागता येत नाही.

हे सरकारला ठाऊक होते. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने सांगितले की, सारख्या कामाला स्थानिकाइतकीच मजुरी द्या. शिवाय भरतीच्या वेळी महिन्याच्या निम्म्या मजुरीइतका विस्थापन भत्ता, प्रवासभाडे आणि फोटो लावलेले पासबुक द्या. फौजेत आमची बदली झाली की रेल्वे वॉरंट हातात यायचे, पगार ठरलेला असायचा, सुट्टीचा हक्क असायचा. कायद्याने मजुराला साधारण तेच देऊ केले होते. पण अंमल ठेकेदारामार्फत, आणि ठेकेदाराखाली आणखी ठेकेदार. जबाबदारी कोणाची हे ठरेपर्यंत इमारत उभी राहून मजूर पुढच्या साइटवर गेलेला असतो.

मे 2020 आठवा. टाळेबंदीत मजूर घरी निघाले होते. बांधकाम व्यावसायिक मुख्यमंत्र्यांना भेटले, आणि कर्नाटक सरकारने श्रमिक रेल्वेगाड्यांची मागणी मागे घेतली. चहूकडून टीका झाली, तेव्हा दोन-तीन दिवसांत गाड्या पुन्हा सुरू झाल्या. त्या दिवसांत एक गोष्ट उघडी पडली. ज्यांना आपण ‘लोंढे’ म्हणतो, ते निघून जाणार म्हटल्यावर शहराला घाम फुटला.

मजुरीचे मूळ इथे आहे. ज्याला ‘नाही जमत, मी चाललो’ असे म्हणता येते, त्यालाच योग्य दाम मिळतो. म्हणून स्थानिकांचे भले बाहेरच्याला हाकलण्यात नाही. त्याची उचल फिटावी, त्याचे पासबुक त्याच्याच खिशात असावे, त्याला सारखी मजुरी मिळावी, यात दोघांचाही फायदा आहे.

जयहिंद.