पऱ्हाटीतलं एकत्र कुटुंब

अमरावती-अकोल्याकडे पेरणी जवळ आली की एकच प्रश्न कानावर येतो, ‘यंदा कोणतं बियाणं चांगलं?’ आज आपण या ‘चांगलं’ शब्दाचा इतिहास बघू.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडचा कापूस मुंबईच्या बाजारात ‘उमरा’ या नावाने विकला जाई. उमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. त्या काळी नावाजलेला वाण होता बनी. धागा लांब, बारीक. पण रुईचा उतारा कमी. पुढे रोझियम आला. त्याचा धागा आखूड आणि जाडाभरडा, उतारा मात्र शंभर किलो कापसाला ४० किलोच्या आसपास. शेतकऱ्यांनी रोझियम उचलला. तो काही अडाणीपणा नव्हता. लांब धाग्याला पुरेसा जादा भाव मिळत नसेल, तर जास्त रुई देणारा वाणच परवडणार.

पण दोन्ही गुण एका झाडात का आणता येईनात? १९१८ साली आर. ए. फिशर यांनी गणिताने दाखवलं, की उंचीसारखे गुण अनेक जनुकांच्या थोड्याथोड्या वाट्याने घडू शकतात. पऱ्हाटीचं उत्पन्नही तसंच. हे एकत्र कुटुंब आहे बघा: एकाला पुढे काढलं, की दुसऱ्यावर ताण येतो. एकच जनुक अनेक गुणांवर परिणाम करतं, काही जनुकं तर जोडीनेच पुढच्या पिढीत उतरतात.

१९७० मध्ये सी. टी. पटेल यांनी सुरतला ‘एच-४’ हा संकरित कापूस दिला. १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठानेही पुढे संकरित वाण काढले. संकराचा जोर दोन आईबापांच्या जनुकांच्या जुळणीत असतो. त्याची सरकी घरी ठेवून पेरली, की पुढच्या पिढीत ती जुळणी विस्कटते. म्हणून घरचं बियाणं गेलं आणि दरवर्षी दुकान आलं.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या जिवाणूचं एक जनुक, काम एकच: बोंडअळी मारणं. ते त्याने केलंही. चूक झाली ती आपल्या समजुतीत. बोंड वाचवणाऱ्या जनुकाला आपण उत्पन्न वाढवणारं जनुक मानलं. बोंडं किती लागतील, मुळं किती खोल जातील, पावसाचा खंड सोसेल का, हे इतर असंख्य जनुकं ठरवतात, आणि त्यांच्या जोडीला जमीन व पाऊस. हलक्या कोरडवाहू रानात उशिरा येणारा संकरित वाण लावला, तर बोंडं भरायच्या वेळी ओलच संपते. शिवाय अळीही बदलली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केलं, ते तुम्ही पाहिलंच आहे.

तेव्हा दुकानात ‘कोणतं चांगलं’ एवढंच विचारू नका. किती दिवसांचं, कोणत्या जमिनीसाठी, पाऊस लांबला तर काय, हेही विचारा. बनी आणि रोझियममधून निवड करणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांनी आपला हिशेब आपणच मांडला होता.